नाव नसलेला घोडेस्वार

आमच्या देव्हाऱ्यात पाच देव आहेत. त्यातल्या चौघांची नावं घरात कुणालाही विचारा, सांगतील. खंडोबा, एकवीरा, भैरी, महादेव. पाचवा एक घोडेस्वार आहे आणि तो कोण, हे कुणालाच माहीत नाही.

बाकीचे चौघे चांदीचे, हा तांब्याचा. आकारानं त्यांच्या दुप्पट, जाड आणि ओबडधोबड. घोड्याचे चारही पाय एकाच बाजूला आलेत. स्वाराचं डोकं घोड्याच्या डोक्याएवढं आहे. हातात काहीतरी उगारलंय, ती तलवार असेल, भाला असेल, कोयताही असेल. चिंचेनं घासून घासून चेहरा सपाट झालाय, नाकडोळ्यांच्या जागी नुसता उंचवटा राहिलाय. आजी होती तोवर त्याच्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. आजीला माहीत असणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. आजी गेली आणि वर्षभरात त्याचं काय करायचं हा प्रश्न घरात आला.

खरं तर प्रश्न जमिनीतून आला. आमचं गाव चौकवरून कर्जतला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. या पट्ट्यात हल्ली भातशेतीपेक्षा फार्महाऊसचे बोर्ड जास्त दिसतात. मुंबई जवळ, डोंगर जवळ, पावसाळ्यात धबधबे, त्यामुळे 'सेकंड होम' हा शब्द आता आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांनाही पाठ झालाय. मोठे काका पनवेलला, आम्ही बदलापूरला, धाकटे काका खोपोलीत. गावातलं कौलारू घर पाडायचं आणि जागेच्या तीन वाटण्या करायच्या असं ठरलं. मग भांडी, पाटा-वरवंटा, शिसवी पेटी असं करत करत यादी देव्हाऱ्यापर्यंत आली.

मोठ्या काकांचा प्रस्ताव साधा होता. चांदीचे चारही देव झिजलेत, ते सोनाराकडे मोडीत द्यायचे, चांदीत थोडी भर घालायची आणि तिन्ही भावांसाठी तीन नवे सारखे संच करून घ्यायचे. यात वावगं काही नाही. झिजलेला किंवा तडा गेलेला देव पुजत नाहीत, तो वितळवून नवा करतात किंवा पाण्यात सोडतात, हीच रीत आहे. अडला फक्त पाचवा. "तांब्याचे असे किती पैसे येणार? पाताळगंगेत सोडून देऊ," काका म्हणाले. बाबा गप्प बसले. धाकटे काका माझ्याकडे वळून म्हणाले, "तू इंजिनिअर ना रे? जरा बघ नेटवर, हा नक्की कोण आहे ते. कामाचा असला तर ठेवू."

कामाचा असला तर. हा शब्द माझ्या डोक्यात रुतून बसला. देव्हाऱ्यातल्या तांब्याच्या पत्र्याचं काम काय असतं?

ज्यांच्या घरी हे देव नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. याला 'टाक' म्हणतात. हातात मावेल असा धातूचा पातळ पत्रा, बहुधा वरच्या बाजूला टोक असलेला, त्यावर देवाची उठावाची आकृती. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांमध्ये मूर्तीपेक्षा टाकांना जास्त मान असतो. ते कुळाचे असतात. लग्न झालं की नवी सून त्यांच्या पाया पडते, घरातल्या शुभकार्याला त्यांना आधी बोलावणं असतं, आणि अनेक घराण्यांत ठरावीक काळानं ते जेजुरीला खंडोबाच्या भेटीला नेतात. म्हणजे आपण फिरायला जातो तसे देवही आपल्या थोरल्याला भेटायला जातात.

टाक घडवण्याची पद्धत सोपी आणि हुशारीची आहे. कारागिराकडे ठसे असतात. ठशावर पातळ पत्रा ठेवून वरून ठोकलं की ठशातली आकृती पत्र्यावर उतरते. एका ठशावरून शेकडो टाक निघतात. त्यामुळे आमच्या घरातल्या खंडोबाचा जुळा भाऊ पुरंदरमधल्या एखाद्या अनोळखी घरात असू शकतो, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. ज्या दिवशी त्याला घरात बसवलं, त्या दिवसापासून तो आपला.

पाचवा मात्र ठशातून निघालेला नाही. तो हातानं ठोकलाय. पाठीमागे हातोडीच्या खुणा आहेत, आणि त्याही तांबट लोक भांड्यांवर मठारकाम करतात तशा सुबक गोल नाहीत. लांबट आहेत, एकमेकींवर चढलेल्या. रेषा छिन्नीनं पाडल्यात. हे करणारा रोज देव घडवणारा नसावा, असं मला पहिल्यांदा बघतानाच वाटलं. कदाचित तो कोयते-विळे करणारा गावचा लोहार असेल.

मग मी जे जे मोजता येतं ते मोजलं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तो एकशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम भरला. फोनचा मॅक्रो मोड लावून चाळीसेक फोटो काढले, बाजूनं टॉर्च मारून, म्हणजे सावलीमुळे पुसट रेषा दिसतात. ते फोटो शोधाला लावले तर फोननं तत्परतेनं सांगितलं की ही भिंतीवर टांगायची शोभेची वस्तू आहे आणि अशाच आणखी वस्तू दोन हजारांच्या आत मिळतील. पनवेलला हॉलमार्किंग करणाऱ्या एकाकडे एक्सआरएफ मशीन आहे. त्यात वस्तू ठेवली की क्ष-किरण सोडून मिनिटभरात धातूंची टक्केवारी कळते. तिथला मुलगा माझ्याच वयाचा होता, त्यानं पैसे न घेता मशीनखाली ठेवून बघितलं. जवळजवळ सगळं तांबं, किंचित शिसं. "सोनं नाहीये," तो सहानुभूतीनं म्हणाला.

एक गोष्ट मात्र फोटोंमुळे कळली. टाकाच्या दोन्ही कडांना एकेक भोक आहे. आम्ही सगळे ती भोकं झिजल्यामुळे पडलीत असं समजत होतो. मोठं करून बघितलं तर ती चौकोनी आहेत, आणि एकाच्या आत तांबूस गंज आहे. तांब्याला हिरवट कळा येते, तांबूस गंज लोखंडाचा. आणि लोहारानं ठोकून केलेला जुना खिळा गोल नसतो, चौकोनी असतो. थोडक्यात, हा घोडेस्वार कधीतरी खिळ्यांनी कशावर तरी ठोकलेला होता. तो मुळात देव्हाऱ्यात बसायला केलेला नव्हता. दार? खांब? पालखी? काठी? तांब्याच्या पत्र्यानं एवढंच सांगितलं आणि गप्प झाला.

अशा गप्प बसलेल्या वस्तू जगभर आहेत, आणि त्यांच्याबद्दल वाचत बसायची मला सवयच लागली. आपल्या महाराष्ट्रातलीच सगळ्यात मोठी गोष्ट घ्या. १९७४ साली अहमदनगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात, प्रवरेच्या काठी दायमाबादला छबू लक्ष्मण भिल्ल हे एका झुडपाचं मूळ खणत होते. खाली लागले ब्राँझचे चार अजस्र नग. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा, आणि दोन बैलांच्या रथावर उभा असलेला एक माणूस. रथ पंचेचाळीस सेंटिमीटर लांब. चारही नगांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. प्राण्यांखाली चाकं किंवा चाकं बसवायची सोय.

कशासाठी केले असतील? चाकं आहेत म्हणून खेळणी म्हणावं, तर एवढ्या जड धातूची खेळणी कोण पोराला देईल? मिरवणुकीत ओढत नेत असतील, असा एक अंदाज आहे. मोहेंजोदडोच्या प्रसिद्ध मुद्रेवर योग्याभोवती जे प्राणी आहेत त्यात हत्ती, गेंडा आणि रेडा आहेत, म्हणून काहींनी रथातल्या माणसाचं नातं त्या योग्याशी जोडलं. बरेच अभ्यासक हे नग उत्तर हडप्पा काळातले मानतात. डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या अर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून त्या काळाबद्दलच शंका घेतली. दायमाबादला शास्त्रीय उत्खननं झाली, थर लागले, घरं सापडली, दफनं सापडली. पण हे चार नग ज्यांनी ओढले किंवा पुजले, त्यांचं एक वाक्यही आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

युरोपात रोमन काळातले बारा बाजूंचे पोकळ ब्राँझचे गोळे सापडतात. प्रत्येक बाजूला वेगळ्या मापाचं भोक, कोपऱ्यांवर गुंड्या. शंभराहून जास्त सापडलेत आणि एकाही रोमन लेखकानं ते कशासाठी आहेत हे लिहून ठेवलेलं नाही. अमेरिकेत जुन्या लोहारांनी ठोकून घडवलेल्या लोखंडी माणसांबद्दल संग्राहक असाच वाद घालतात, ही खूण होती की खेळणं की देव. त्यातली एक आकृती मला विसरता येत नाही. व्हर्जिनिया राज्यात अलेक्झांड्रिया इथे गुलामांच्या वस्तीच्या जागी सापडलेला, दोन्ही पायांवर ताठ उभा असलेला एक छोटा लोखंडी माणूस. अठराव्या शतकात आफ्रिकेतून आणलेल्या एखाद्या गुलाम लोहारानं तो घडवला असं मानतात, कारण पश्चिम आफ्रिकेतल्या लोखंडी आकृत्यांशी त्याचं साम्य आहे. मालकासाठी दिवसभर बिजागऱ्या आणि नाल ठोकायचे, आणि उरलेल्या लोखंडातून कुणाला न सांगता हा माणूस. त्याचं काम काय, हे त्या लोहाराला नक्की माहीत होतं. पण ते तो सांगणार कुणाला? मालकाला तर नाहीच.

इथे मला माझ्या रोजच्या कामाची आठवण होते. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक जुन्या सिस्टिममध्ये कोडचा एक तुकडा असा असतो की तो कशासाठी आहे हे कुणालाच सांगता येत नाही. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो, कॉमेंट नसते. नवीन आलेला पोरगा म्हणतो, काढून टाकू या. जुना माणूस म्हणतो, थांब. कारण कोड वाचून तो काय करतो ते कळतं, का करतो ते कळत नाही. 'का' कधीच कोडमध्ये नसतं. ते माणसांच्या बोलण्यात असतं, मीटिंगमध्ये, चहाच्या टपरीवर, आणि माणसं गेली की तेही जातं.

आमच्या पट्ट्यात याचं उलटं उदाहरणही आहे. कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका भग्न मूर्तीशेजारी ब्राह्मी लिपीत कोरलंय की कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं. मूर्ती तुटलीय, पण करणाऱ्याचं नाव आहे, त्याच्या गुरूचंसुद्धा आहे. पावसाळ्यात त्या लेण्याच्या कपाळावरून पाण्याचा पडदा पडतो आणि ट्रेकला आलेली पोरं त्याखाली उभं राहून रील काढतात. मीही काढलंय. बलकाच्या नावाजवळून शंभरदा गेलो असेन.

नाव टिकायला दगड लागतो, लिपी लागते, आणि लिहायला पैसे देणारा कुणीतरी लागतो. आमच्या घोडेस्वाराकडे यातलं काहीच नव्हतं.

दरम्यान भाऊकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो गेले आणि चुलत भावानं दहा मिनिटांत निकाल लावला. उंबरखिंड! खालापूर तालुक्यातच चावणी गावाजवळ २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलब खानाच्या फौजेला अरुंद खिंडीत गाठलं आणि शरण यायला लावलं. आज तिथे स्मारक आहे. भावाचं म्हणणं, आपला पूर्वज त्या लढाईत होता, घोड्यावर होता, हा त्याचाच टाक. ग्रुपवर भगव्या झेंड्यांची रांग लागली. काकांनीसुद्धा अंगठा दिला. पाताळगंगेत जाणारा पत्रा एका संध्याकाळीत इतिहास झाला.

मलाही हे खरं असतं तर आवडलं असतं. घरात उंबरखिंडीचा वीर असणं कुणाला नको? पण हाती पुरावा काय होता? एक घोडा. आणि घोड्याबद्दल मी तोवर जे वाचलं होतं ते वेगळंच होतं.

महाराष्ट्रात घोड्यावरची आकृती दोन ठिकाणी सारखी भेटते. एक खंडोबा. त्याच्या टाकावर बहुतेक वेळा म्हाळसा त्याच्यासोबत असते, घोड्याच्या पायाशी कुत्रा असतो, मणी-मल्ल दैत्य असतात. आमच्या तांब्याच्या टाकावर यातलं कुणीही नाही, आणि खंडोबा तर चांदीचा शेजारी बसलेलाच आहे. दुसरा असतो वीर. लढाईत, गुरं वाचवताना, वाघाच्या तोंडी, साप चावून, असा अवेळी गेलेला घरातला पुरुष. त्याचा जीव घराभोवती घुटमळू नये म्हणून त्याला देवांत जागा द्यायची. नाशिकला धुळवडीच्या दिवशी घराघरांतले वीर बाहेर निघतात. लोक देव्हाऱ्यातले टाक हातात घेऊन वाजतगाजत गोदावरीवर नेतात, आंघोळ घालतात, परत आणतात. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो, ही त्याच कल्पनेची दुसरी बाजू. मेलेल्याला पत्ता हवा असतो.

दगडात हेच काम वीरगळ करतो. खाली लढाई, मध्ये अप्सरा त्याला वर नेताहेत, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा, आणि चंद्र-सूर्य आहेत तोवर कीर्ती राहो म्हणून चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळ एक्सरला शिलाहार काळातले वीरगळ आहेत, त्यांवर जहाजांची लढाई कोरलीय. एवढं बारीक कोरीव काम, वल्ह्यांच्या रांगा मोजता येतात, आणि महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांसारखं तिथेही वीराचं नाव वाचायला मिळत नाही. ज्यांच्यासाठी दगड उभा केला त्यांना नाव सांगायची गरजच नव्हती.

आणि उत्तरेकडे डांगच्या जंगलपट्ट्यात आदिवासी लोक मेलेल्या माणसासाठी लाकडी खांब उभे करतात. त्यांवरही घोडेस्वार, वर चंद्र-सूर्य. ज्याच्या स्मरणार्थ खांब आहे तो आयुष्यात कधी घोड्यावर बसलेला असेलच असं नाही. घोडा त्याला मेल्यावर मिळतो. जिवंतपणी चिखलात पायी चालला, आता तरी घोड्यावरून जा, असा तो मान आहे.

हे वाचल्यावर ती दोन चौकोनी भोकं पुन्हा डोळ्यांसमोर आली. शेताच्या बांधावर एखादा लाकडी खांब असेल, त्यावर हा पत्रा ठोकलेला असेल. कोकणच्या पावसात खांब कुजला असेल. मग कुणीतरी पत्रा उचलून घरात आणला असेल आणि देवांच्या रांगेत शेवटी ठेवला असेल. हे सिद्ध करता येणार नाही. पण चांदीच्या देवांत तांब्याचा एकटाच का, मोठा का, भोकं का, या तिन्ही प्रश्नांना हे एक उत्तर पुरतं.

उरलेलं उत्तर आत्याकडे होतं. ती नेरळला असते, पंच्याहत्तरीची आहे, तिला व्हॉट्सॲप येत नाही म्हणून ग्रुपवर नाही, आणि वाटणीत तिला कुणी काही विचारलंही नव्हतं. मी फोटो घेऊन गेलो. तिनं चष्मा न लावताच सांगितलं.

"तो वीर हाय."

"कोण पण, आत्या? नाव काय त्याचं?"

"त्याचा नाव नाय घेत."

"तुला माहितीये का?"

"माझे आईला पण नव्हता माहीत. तिच्या सासूनं सांगलेला, हा लग्नाचा नव्हता. त्याचे मागं कोन नाय. म्हणून आपून करायचा."

मग तिनं आणखी एक सांगितलं, जे मी लहानपणापासून डोळ्यांनी बघत आलोय. सर्वपित्री अमावस्येला आजी सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर एक पान जास्त वाढायची आणि ते घेऊन परसात जायची. आम्हा पोरांना वाटायचं ते गाईचं असेल. गाईचं वेगळं असायचं. हे त्याचं होतं. भात, आमटी, खीर, वडा, सगळ्यांना असतं तेच, फक्त वाढायचं सगळ्यात शेवटी, कारण तो घरात धाकटा.

तो धाकटा होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कुणाचा तरी धाकटा भाऊ. उंबरखिंडीत गेला की पावसात उल्हास नदी ओलांडताना गेला की शेतात फुरसं चावून गेला, देव जाणे. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे पोर नव्हतं, म्हणजे त्याला पाणी देणारं कुणी नव्हतं. मग थोरल्या भावानं, किंवा वहिनीनं, किंवा आईनं गावच्या लोहाराकडे जाऊन सांगितलं असेल, एक घोडा ठोकून दे. चांदीला पैसे नसतील. ठशाची वाट बघायला वेळ नसेल.

धाकटे काका म्हणाले होते, कामाचा असला तर ठेवू. तर त्याचं काम हे आहे. ज्याची आठवण ठेवायला कुणी उरणार नाही, त्याच्यासाठी देव्हाऱ्यात एक जागा अडवून ठेवणं. टाक त्याचा फोटो नव्हता. लोहारानं चेहरा कोरला तेव्हाही तो कुणासारखा दिसत नसणार, आता झिजला म्हणून फारसं काही बिघडलेलं नाही. कुणालाही ओळखता येईल अशी एकच गोष्ट त्यावर हवी होती: घोडा. बाकी सगळं वहिनीनं सुनेला आणि सुनेनं तिच्या सुनेला सांगायचं होतं. त्यातलं नाव कुठेतरी गळलं. पण पान गळलं नाही. तीन-चार पिढ्यांच्या बायका, ज्या या घराण्यात जन्मल्याही नव्हत्या, ज्यांचा त्या पोराशी रक्ताचा काही संबंध नव्हता, त्या दर भाद्रपदात एक पान जास्त वाढत आल्या.

आणि म्हणूनच 'कोण आहे ते माहीत नाही, मग सोडून देऊ' हा हिशेब मला पटत नाही. माहीत नसणाऱ्यांसाठीच तर तो केलाय. ज्याचं नाव सगळ्यांना पाठ आहे त्याला पत्र्याची गरज नसते. शेवटी कुणीच ओळखणार नाही अशी वेळ येईल, हे ज्यानं तो ठोकून घेतला त्याला पहिल्या दिवशीच माहीत असणार, कारण वारस नसलेल्या माणसाचं दुसरं काय होतं? दायमाबादच्या रथाबद्दल आपण म्हणतो की त्याचा उद्देश हरवला, कारण तो वापरणारी साखळी तुटली. आमच्या घरात ती तुटलेली नव्हती, फक्त ती स्वयंपाकघरातून जात होती, म्हणून बैठकीत बसलेल्यांना दिसत नव्हती.

पुढच्या रविवारी गावच्या घरी सगळे जमले तेव्हा मी आत्याला सोबत नेलं. उंबरखिंडीबद्दल मी काही बोललो नाही, तिनंच सांगितलं जे सांगायचं ते. चुलत भाऊ थोडा हिरमुसला. "म्हणजे लढाईबिढाई काहीच नाही?" त्यानं विचारलं. आत्या म्हणाली, "असंल पण. मला काय माहीत." मोठे काका बराच वेळ टाक हातात धरून बसले होते. ते स्वतः तिघांत थोरले. मग म्हणाले, "चांदीचे करू तीन संच. हा एकच राहू दे. याची कॉपी काढायला नको." कुणाकडे ठेवायचा यावर थोडी चर्चा झाली, पाळी लावायची की कसं. बाबा पहिल्यांदाच बोलले, "पाळीनं नको फिरवायला त्याला. आयुष्यभर पाहुणाच का राहील तो?"

तो आता माझ्याकडे आहे, पुण्यात, अकरा महिन्यांच्या भाडेकराराच्या फ्लॅटमध्ये, वायफाय राऊटरच्या वरच्या फळीवर. मी फार देवभोळा नाही. रोज पूजा होत नाही, आंघोळ रविवारी. गेल्या सर्वपित्रीला ऑफिस होतं, तर रात्री घरी येऊन भात लावला, वरण केलं, खीर शेजारच्या दुकानातून आणली आणि शेवटचं पान गॅलरीत ठेवलं. परसात ठेवायला परस नाही. सकाळी कबुतरांनी सांडलवंड करून ठेवली होती.

एक काम मात्र मी केलं. एका कागदावर जाड पेननं लिहून तो टाकाखाली घडी करून ठेवलाय. लॅमिनेट केलाय, कारण मला माझ्या पुढच्यांवर विश्वास असला तरी पुण्याच्या दमट पावसाळ्यावर नाही. त्यावर उंबरखिंड नाही, लोहाराबद्दलचा माझा तर्क नाही, खांबाचा तर्क नाही. जेवढं आत्यानं सांगितलं तेवढंच आहे: हा वीर आहे. घरातला धाकटा. लग्न झालेलं नव्हतं. नाव माहीत नाही. सर्वपित्रीला एक पान जास्त, सगळ्यात शेवटी.